टॉवेलच्या नॅनो-सिल्व्हर फिनिशचं द्रावण बनवताना, बॅच चालू असतानाच कणांचा आकार मोजता येतो का? (सोलापूर)

येतो, पण नेहमीचं डीएलएस यंत्र (लेझरचा प्रकाश टाकून कणांचा आकार काढणारं) थेट पाइपला जोडून नाही. ते कणांच्या ब्राउनियन, म्हणजे आपोआप होणाऱ्या सैरावैरा हालचालीवरून आकार काढतं. द्रावण वाहतं किंवा दाट असलं की आकडा बिघडतो. वाहत्या, गढूळ द्रावणासाठी वेगळं डीएलएस मिळतं, पण छोट्या कारखान्याला ते परवडणं कठीण.

चांदीच आहे ना? मग फ्लो सेल (द्रावण ज्यातून वाहत जातं अशी पारदर्शक कुपी) लावून यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो, ते बघत राहा. लहान गोल कणांचं शोषण ४०० नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत जास्त असतं. कण मोठे झाले की ते शिखर जास्त तरंगलांबीकडे सरकतं, गुठळ्या झाल्या की पसरट होतं. नेमका आकार नाही, पण बॅच हातातून जातेय हे लगेच कळतं.

नमुना काढून डीएलएसवर मोजलात, तर यंत्राला तापमान मात्र खरं सांगा. आपल्याकडच्या मे महिन्यात द्रावण ४० अंशांवर आणि सेटिंग २५ वर राहिलं, तर १०० नॅनोमीटरचा कण साधारण ७० चा दिसेल.