बुडालेल्या गेटवेबद्दल

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं चित्र मिळालं. निम्मा बुडालेला गेटवे, कमानीतून जाणारी होडी. हात छान चाललाय, आकाश तर अगदी जुलैतलं. तरी मी त्या चित्रापाशी थांबले नाही, आणि का ते तुला सांगायलाच हवं.

गेटवे २६ मीटर उंच आहे. समुद्र २१०० पर्यंत साधारण अर्धा ते एक मीटर चढेल, असे अंदाज आहेत. तू तेरा मीटर पाणी दाखवलंस की बघणारा म्हणतो, हे काही माझ्या हयातीत होत नाही, आणि पुढे जातो. तू तो एक मीटरच रंगव. आपल्या मुंबईत पावसाचं पाणी नाल्यांतून समुद्रात जातं. उधाणाच्या भरतीला समुद्रच नाल्याच्या तोंडापेक्षा वर येतो, मग पाणी हिंदमातासारख्या सखल भागात तुंबून राहतं. समुद्र थोडा जरी चढला तरी हे तुंबलेले तास वाढतात.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मी तेव्हा कुर्ल्यात राहत होते, मिठी नदीपासून जवळच. पाणी ओसरल्यावर भिंतीवर चिखलाची रेघ उरली होती, पट्टीने मारावी तशी सरळ. ती कॅलेंडरच्या मधून गेली होती. एक ते पंधरा तारखा कोऱ्या करकरीत, खालच्या तपकिरी. कपाटाचे खण फुगून बसले होते, ओढून निघेनात. लग्नाच्या अल्बममधले फोटो एकमेकांना चिकटले होते. सोडवायला गेलं की माझ्या सासूबाईंचा चेहरा दुसऱ्याच कुणाच्या साडीवर उतरायचा. बुडालेली मुंबई म्हटलं की मला अजून तो अल्बम दिसतो.

आणि जुनी नावं ऐक. उमरखाडी. पायधुणी, जिथे खाडी ओलांडून आलेले लोक पाय धूत. सात बेटांमधलं पाणी आपण भराव घालून बुजवलं, पण त्याची वाट नावांत राहिली. त्या वाटेने पाणी परत आण. पायधुणीच्या फुटपाथवर घोट्याएवढं पाणी आणि त्यात उभी एक बाई, हे मला तुझ्या गेटवेपेक्षा जास्त भिववेल.

माणसं काढताना मात्र जप. २०१० मध्ये लंडनच्या संग्रहालयात अशीच भविष्यातल्या लंडनची चित्रं लागली होती. पार्लमेंटसमोर भातशेती, बकिंगहॅम राजवाड्याभोवती झोपड्या. त्या झोपड्यांवर टीका झाली, मला ती पटते: विस्थापित माणूस तिथे फक्त घाबरवायला उभा केला होता. तुझ्या चित्रातल्या होडीत बसलेल्यांना चेहरे नाहीत. ते कोण आहेत, ते आधी ठरव.

येत्या अमावास्येला भरतीची वेळ बघून वरळी कोळीवाड्यात जा. किनाऱ्यालगतच्या घरातल्या एखाद्या आजीला विचार, उधाणाचं पाणी पूर्वी कुठवर यायचं. ती हाताने दाखवेल. तो हात काढ. रंग नेऊ नकोस, पेन्सिल पुरे, आणि वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घाल.

तुझ्या,
चित्रकलेच्या बाई