संच, समुच्चय आणि पाणिनीची डुकरं

प्रश्न असा: पुतण्याला मराठीतून स्विफ्ट ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवायची आहे; माहिती एकत्र ठेवायचे तिचे तीन प्रकार, अ‍ॅरे, सेट आणि डिक्शनरी, या तिघांनाही 'संच' म्हटलं तर चालेल का?

मुळीच चालणार नाही. दिसेल त्या ढिगाला 'संच' म्हणायची सवय ऐकून कान किटलेत. इंदूरच्या छप्पन दुकान या खाऊगल्लीत पाच जणांनी खायला सांगितलं: पोहे, जिलबी, पोहे, कचोरी, पोहे. अ‍ॅरे पाचही नोंदी सांगितल्या क्रमाने ठेवतो. सेटमध्ये पोहे एकदाच उरतात आणि क्रमाचीही हमी नाही. दोघं उपाशी राहतील. घरातला 'सहा पेल्यांचा संच' तर सारख्याच वस्तूंचा असतो. तो सेटमध्ये घातला की पेला एकच!

महाराष्ट्राची गणिताची पुस्तकं सेटला 'संच' म्हणतात, आपल्या इंदूरची हिंदी पुस्तकं 'समुच्चय'. एकमेकांचा शब्द अशुद्ध ठरवणाऱ्या या मंडळींनी धातू बघितलेलाच नाही. दोन्हींच्या मुळाशी 'चि', म्हणजे गोळा करणं, रचणं. संचित, चिता, चैत्य त्याच घरचे.

आणि याच 'चि'वर पाणिनीचं एक सूत्र आहे, ३.३.४२. समूह सांगायचा असेल तर च चा क होऊन 'निकाय' होतो, पण अट 'अनौत्तराधर्ये': त्यात एक वर, एक खाली अशी रचना नको. म्हणून भिक्षुकनिकाय. एकमेकांच्या अंगावर पडलेली डुकरं मात्र, काशिकावृत्ती ही पाणिनीवरची टीका सांगते, 'सूकरनिचय'. तिथे च तसाच राहतो. केवढी बारीक नजर! सेटला निकाय, स्टॅकला, म्हणजे एकावर एक रचलेल्या नोंदींना, निचय, याहून नेमके शब्द मला तरी सापडलेले नाहीत. वैयाकरण म्हणतील, हा संघ प्राण्यांचा, आकड्यांचा नव्हे. पण एकच भिक्षू निकायात दोनदा मोजत नाहीत, हा सेटचाच नियम नाही का? 'नगरीय निकाय' ऐकून ऐकून आपण त्या शब्दाला नगरपालिकेपुरतं कोंडलंय, एवढंच.

अ‍ॅरेला 'ओळ' म्हणा, मोजणी शून्यापासून. 'रांग' क्यूसाठी राखून ठेवा, जिथे आधी आलेला आधी बाहेर पडतो.

हां, डिक्शनरी राहिली. नुसतं 'कोश' म्हणा, 'शब्दकोश' नको, कारण तिच्यात प्रत्येक खुणेसमोर (की) कुठलंही मूल्य ठेवता येतं, फक्त शब्दाचा अर्थच नव्हे. कोश म्हणजे अकारविल्हे, असंही समजू नका. शिवाजी महाराजांच्या काळातला राज्यव्यवहारकोश फारसी शब्दासमोर संस्कृत शब्द देतो, तो विषयवार वर्गांत. स्विफ्टच्या डिक्शनरीत तर नोंदींना ठरलेला क्रमच नसतो.