बोट गेलं, पण कागदावर काहीच नाही : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा धाकटा भाऊ चाकणजवळ एका छोट्या कंपनीत ठेकेदाराकडून पॉवर प्रेसवर (पत्रा दाबून कापायचं, आकार द्यायचं मशीन) आहे. मागच्या महिन्यात उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाचं वरचं पेर गेलं. ठेकेदारानं प्रायव्हेट दवाखान्यात नेलं, बिल भरलं आणि सांगितलं ईएसआयच्या (कामगारांच्या सरकारी विम्याच्या) भानगडीत पडू नका, बरा झाला की परत कामावर घेतो. भावाचं ईएसआय कार्ड अजून निघालेलंच नाही. आम्ही गप्प बसावं का?
— एक ताई, राजगुरुनगर

उत्तर : ताई, अजिबात गप्प बसू नका. दवाखान्याचं बिल भरलं म्हणजे विषय मिटला असं ठेकेदाराला वाटत असेल, कायद्याला वाटत नाही. या बोटाचं एक पेर गेलं तर कमाईच्या ताकदीचं ९ टक्के नुकसान धरतात, दोन पेरं गेली तर ११, अख्खं बोट गेलं तर १४ आणि अंगठा गेला तर ३०. ईएसआयचं मेडिकल बोर्ड तपासून टक्के ठरवतं आणि कायमचं नुकसान असेल तर त्या हिशोबानं आयुष्यभर पैसे मिळतात. शिवाय जितके दिवस तो घरी आहे तितक्या दिवसांचे पगाराच्या ९० टक्के, आणि कामावरच्या अपघाताला आधी इतके महिने वर्गणी भरलेली पाहिजे अशी अट नाही.

कार्ड निघालं नाही हा भावाचा दोष नाहीच. पगार २१ हजारांपर्यंत असेल आणि कंपनीत दहा किंवा जास्त माणसं असतील तर कामावर लागल्यापासून दहा दिवसांत नाव नोंदवणं हे मालकाचं काम. सेफ इन इंडिया नावाची संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते, त्यात गुरुग्राम-फरिदाबाद पट्ट्यातल्या वाहनांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यांत हेच दिसलं, बोट गेल्यावर घाईघाईनं कार्ड काढायचं. त्यामुळे भाऊ या कंपनीत आधीपासून कामाला होता याचा पुरावा आजच गोळा करा : बँकेत जमा झालेला पगार, गेटपास, हजेरीचा फोटो, सुपरवायझरचे व्हॉट्सॲपवरचे मेसेज, शेजारच्या मशीनवरच्या दोघांची नावं.

आणि एक गोष्ट आधी बघा, दवाखान्याच्या केसपेपरवर काय लिहिलंय. ‘घरी दारात बोट अडकलं’ असं लिहिलेले केसपेपर मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेत, आणि त्या एका ओळीपायी माणसाचा हक्क अडकून पडतो. तसं असेल तर डॉक्टरांना भेटून लेखी दुरुस्ती मागा. मग मालकाला अपघाताची तारीख, वेळ, मशीन लिहून अर्ज द्या, पोच घ्या, एक प्रत ईएसआयच्या शाखेत द्या. अवयव गेला असेल तर मालकानं ईएसआयचा अपघाताचा फॉर्म १२ लगेच भरायचा असतो, बाकी दुखापतींना ४८ तास. ठेकेदाराचा माणूस असला तरी मूळ कंपनीला हात झटकता येत नाहीत. कंपनी ईएसआयमध्ये बसतच नसेल तर नुकसानभरपाईचा दावा करता येतो, त्याला दोन वर्षांची मुदत आहे, पण इतकं थांबू नका हो.

प्रश्न : मी भोसरीत सुपरवायझर आहे, आमच्याकडे सहा प्रेस आहेत. मोठा अपघात आम्ही लिहितो. पण छोटे कट, थोडक्यात वाचलेले प्रसंग लिहून काय फायदा? मालक म्हणतात, लिहिलं की इन्स्पेक्टरच्या हातात कोलीत.

उत्तर : दादा, फायदा त्या छोट्या नोंदींचाच. मोठा अपघात लिहिता तेव्हा बोट गेलेलं असतं. आणि मालकांची भीती चुकीची आहे, सरकारला कळवायचा तो मृत्यू किंवा ज्या दुखापतीनं माणूस ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकत नाही ती, आणि काही ठरावीक धोकादायक घटना. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता आल्या तरी कळवायची जबाबदारी मालकाचीच आहे. हातमोजा फाटला, बोटाला चाटून गेलं, हे तुमच्या वहीत राहतं.

वहीत नुसतं ‘हाताला लागलं’ लिहू नका. कुठली प्रेस, कुठली डाय (पत्र्याला आकार देणारा साचा), शिफ्टचा कितवा तास, ओव्हरटाइम होता का, गार्ड जागेवर होतं का, पायडलवर चाललं होतं की दोन्ही हातांच्या बटणांवर, सेटिंग कोणी केलं, एवढं हवं. महिन्याअखेर वही उघडली आणि ‘३ नंबर प्रेस, डबल ठोका’ (एकदा दाबल्यावर प्रेस दोनदा खाली येणं) दोनतीनदा दिसलं की समजायचं ऑपरेटर झोपला नव्हता, क्लचची चावी झिजलीय नाहीतर स्प्रिंग किंवा ब्रेक गेलाय. ती प्रेस त्याच दिवशी बंद करायची, टार्गेट राहिलं तर राहू दे.

की-क्लचच्या जुन्या प्रेस असतील तर अजून एक, एकदा स्ट्रोक सुटला की ती मध्ये थांबत नाही, म्हणून तिथे नुसता लाइट सेन्सर (हात आत आला की मशीन थांबवणारा) लावून बोट वाचत नाही. डायभोवती पक्कं गार्ड पाहिजे, जॉब (पत्र्याचा तुकडा) आत जाईल पण बोट जाणार नाही एवढीच फट, आणि जॉब काढायला चिमटा किंवा मॅग्नेट. सेन्सर चालतो तो फ्रिक्शन क्लचच्या, म्हणजे मध्येच थांबवता येणाऱ्या प्रेसवर, आणि तिथे घाईत बायपास करणारा कोण ते पण वहीत लिहा, बहुतेक वेळा वरून दबाव असतो.

शून्य अपघाताला बक्षीस ठेवलं असेल तर कृपया काढा. पोरं रुमाल गुंडाळून काम करतात पण सांगत नाहीत. बक्षीस द्यायचंच तर धोका दाखवणाऱ्याला द्या.

प्रश्न : प्रेस शॉपमधून घरी आलं की रात्री कानात शिट्टी वाजते. हे कामामुळे असेल का? — सातपूर, नाशिक

उत्तर : असू शकतं, आणि दुर्लक्ष करू नका, आवाजानं गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. आठ तासांसाठी मर्यादा ९० डेसिबलची आहे, प्रेस शॉपमध्ये ती सहज ओलांडली जाते. आवाजानं आलेला बहिरेपणा कायद्यानं कळवायच्या आजारांच्या यादीत आहे, म्हणजे डॉक्टरांनीही तो कळवायचा असतो. कंपनीकडे ऑडिओमेट्री (किती ऐकू येतं याची तपासणी) लेखी मागा, तपासणीच्या दिवशी शिफ्ट करून सरळ जाऊ नका, आधी कानांना रात्रभर आराम द्या. इअरप्लग पूर्ण शिफ्टभर, चहाला जाईपर्यंत नाही. आणि तपासणीच्या कागदाची प्रत घरी ठेवा, कंपनी बदलली तर पहिल्याच आठवड्यात नवीन तपासणी करून घ्या म्हणजे कान कुठे बिघडला ते दाखवता येतं.