एप्रिलच्या अखेरीस हिमालयात हिमस्खलनाची काळजी करावी का?

आपण लिहिले आहे की, एप्रिलच्या अखेरीस कुलू खोऱ्यातील बर्फाळ उतारांवर चार दिवसांचा ट्रेक ठरला आहे आणि हिवाळा सरल्यामुळे हिमस्खलनाचा धोका उरत नाही, असे आयोजकांचे म्हणणे आहे. ते मला मान्य नाही. धोका उरतो, फक्त त्याचे स्वरूप पालटते आणि तो तारखेपेक्षा घड्याळावर अधिक अवलंबून राहतो.

वसंतात बर्फाचा साठा वरपासून तळापर्यंत हळूहळू शून्य अंशावर येतो. मग उन्हाने वितळलेले पाणी आत झिरपते, कणाकणांतले बंध सोडवते आणि एखाद्या जुन्या कडक थरावर किंवा हिवाळ्याच्या सुरुवातीला तळाशी तयार झालेल्या भरड, सुट्या कणांपाशी साचते; त्यावरचा जड, ओला थर तिथून सुटतो. रात्र निरभ्र असेल, तर पृष्ठभाग आपली उष्णता आकाशात सोडून देतो आणि पहाटेपर्यंत वरचा थर घट्ट गोठतो. ढगाळ रात्री हे होत नाही. म्हणूनच रात्री उठून आकाश पाहण्याची सवय मी लावून घेतली आहे. तारे दिसले नाहीत, तर सकाळच्या बेताविषयी मी साशंकच असतो.

पहाटे बुटाची टाच त्या थरावर जेमतेम ओरखडा काढते. ऊन चढले की घोटा रुतू लागतो, आणि गुडघा रुतू लागला म्हणजे तीस अंशांहून तीव्र उतारावरून, तसेच अशा उतारांच्या पायथ्यापासूनही, दूर व्हावे. उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळू लागणे हाही तसाच स्पष्ट इशारा होय. पूर्वेकडील उतार सर्वांत आधी तापतात, मग दक्षिणेकडील. उत्तरेकडे मात्र कोरड्या बर्फाचा, हिवाळ्यातला जुना धोका अधिक काळ टिकून राहतो. शिवाय पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवामानाच्या लाटा, एप्रिलमध्येही ताजा बर्फ टाकून जातात आणि त्यानंतरचे पहिले लख्ख ऊन, जे छायाचित्रांसाठी सर्वांना हवे असते, तेच विशेष घातक ठरते.

सह्याद्रीत भटकलेल्यांची एक सवय इथे अंगाशी येऊ शकते. आपण नाळ, म्हणजे डोंगरउतारावरची अरुंद घळ, दिसली की ती वर जाण्याची वाट समजतो; बर्फात मात्र तीच नाळ वरच्या सगळ्या उतारांवरचा बर्फ खाली आणते. तेथे चढू नये, विसाव्यालाही थांबू नये. खिंड गाठायला निघालेल्यांनाच धोका असतो, असेही नाही: 4 एप्रिल 2023 रोजी सिक्कीममध्ये गंगटोक–नाथू ला रस्त्यालगत हिमस्खलन होऊन सात पर्यटकांचा मृत्यू झाला.

डीआरडीओ या संरक्षण संशोधन संघटनेची चंदिगड येथील डीजीआरई ही संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. ते अवश्य पाहावेत. मात्र जिल्ह्याच्या इशाऱ्यावरून आपल्या समोरचा उतार कळत नाही. शोधयंत्र (गाडलेल्या माणसाचा ठाव देणारे रेडिओ उपकरण), प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि फावडे प्रत्येकाकडे असावे, कारण ओला बर्फ थांबताक्षणी इतका घट्ट बसतो की हातांनी उकरता येत नाही.

आयोजकांना दोन गोष्टी विचारा: तंबू कोणत्या नाळेच्या तोंडाशी तर लागत नाहीत ना, आणि तीव्र उतार किती वाजेपर्यंत पार होतात. नाश्ता करून नऊला निघू, असे उत्तर आले, तर त्यांच्याबरोबर जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.