वजन तेवढंच, मग धातू खाल्ला कुठून?

प्रश्न: सर, मी मेटलर्जीत एमटेक करतेय. 316 स्टेनलेस स्टीलचे तुकडे फ्लिनाक मिठात (लिथियम, सोडियम आणि पोटॅशियम फ्लोराइडचं वितळलेलं मिश्रण) 700 डिग्रीला 100 तास ठेवले, वजन जेमतेम कमी झालं. पण एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) वरून बारीक भोकं दिसतात आणि ईडीएसमध्ये (एक्स-रेवरून मूलद्रव्यं ओळखणाऱ्या तपासणीत) फ्लोरिनही येतंय. गंज धरायचा की नाही?

उत्तर: धरायचा, आणि वजनावर तर अजिबात विसंबू नका. हवेत स्टेनलेसला क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्रा वाचवतो, वितळलेल्या फ्लोराइडमध्ये तो पापुद्राच टिकत नाही, मग लोखंड आणि निकेलच्या आधी क्रोमियम फ्लोराइड होऊन मिठात उतरतं, तेही मुख्यतः ग्रेन बाउंड्रीतून, म्हणजे धातूच्या स्फटिककणांमधल्या सीमांतून. वाळवी लागलेली दाराची चौकट आठवा, वरून रंग शाबूत आणि बोट दाबलं की आत पोकळ. त्यात पोकळीत मीठ अडकून बसलं की गेलेलं वजन थोडंफार भरूनही निघतं!

म्हणून तुकडा आडवा कापा, इपॉक्सीत बसवा आणि पॉलिश करताना पाणी वापरू नका, अल्कोहोल किंवा तेलातली डायमंड पेस्ट घ्या, कारण पोटॅशियम फ्लोराइड पाण्यात पटकन विरघळतं आणि पुरावाच वाहून जातो. मग एसईएममध्ये बॅकस्कॅटर इमेज (जड मूलद्रव्यं उजळ दाखवणारी) घ्या आणि कडेपासून आतपर्यंत लाइन स्कॅन, म्हणजे एका रेषेवर ईडीएसचं मोजमाप, क्रोमियम कुठवर घसरलंय ते दिसेल.

फ्लोरिनचं मात्र जपून हं. ईडीएसमध्ये त्याचा पीक 0.68 केईव्हीला (एक्स-रेच्या ऊर्जेचं एकक) आणि लोखंडाचा एल पीक 0.70 ला, जवळजवळ एकावर एक, त्यामुळे सॉफ्टवेअर लोखंडालाच फ्लोरिन म्हणू शकतं. नमुना पाण्याने धुतला नसेल तर 3.3 ला पोटॅशियम शोधा, मीठ असेल तर तेही दिसेलच.

हे दुखणं जुनं आहे. अमेरिकेत ओक रिजला 1965 ते 1969 मध्ये वितळलेल्या मिठाची अणुभट्टी चालली, तिच्या हॅस्टेलॉय एन या निकेलच्या मिश्रधातूत क्रोमियम मुद्दाम 7 टक्क्यांच्या आसपासच ठेवलं होतं, तुमच्या 316 मध्ये ते 16 ते 18 टक्के आहे.

आणि क्रुसिबल (मीठ वितळवायचं भांडं) कशाचं होतं ते तुम्ही लिहिलं नाहीत. ग्राफाइटचं असेल तर क्रोमियम तिथे कार्बाइड होऊन बसतं आणि गंज वाढतो, तेव्हा क्रुसिबलची आतली बाजूसुद्धा एसईएमखाली घालून बघाच.