मरणावर बैठक घेणाऱ्या पोरीला

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचा कार्यक्रमाचा मसुदा, दोन्ही वाचलं. राजारामपुरीतला हॉल, दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुणे म्हणून एक कॅन्सरतज्ज्ञ, मग प्रश्नोत्तरं आणि शेवटी आभार. यात वाईट काही नाही, फक्त ही बैठक नव्हे, व्याख्यान आहे. कोल्हापुरात व्याख्यानांना तोटा नाही. लोक येतील, पुढच्या दोन रांगा मोकळ्या सोडून बसतील, टाळ्या वाजवतील आणि घरी जाऊन जेवतील. पाहुणा बोलला की बाकीच्यांची सुटका होते. ती सुटका तुला द्यायची नाहीये.

म्हणून पाहुणे काढ, माईक काढ, समई काढ. खुर्च्या गोल मांड. आठ-दहा माणसं पुरेत. बारापेक्षा जास्त झाली की बोलकी चार बोलतात आणि बाकीची ऐकून जातात.

मरणाबद्दल मोकळं बोलायला माणसं जमवायची ही ‘डेथ कॅफे’ची कल्पना लंडनची म्हणून तू लिहिलं आहेस. ती त्याच्या थोडी आधीची आहे. स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल गावात बर्नार क्रेता नावाच्या समाजशास्त्रज्ञानं २००४ साली ‘कॅफे मोर्तेल’ भरवलं. त्यावरून जॉन अंडरवूडनं सप्टेंबर २०११ मध्ये लंडनच्या हॅकनी भागात, स्वतःच्या घरी, पहिला डेथ कॅफे घेतला. बैठक सांभाळायला त्याची आईच होती, स्यू बार्स्की रीड, पेशानं मानसोपचारक. अंडरवूड स्वतः २०१७ साली अचानक गेला, वय ४४. त्याच्या अटी मोजक्या होत्या: यातून नफा कमवायचा नाही, बोललेलं बाहेर न्यायचं नाही, कुणालाही कुठल्या निष्कर्षाकडे, वस्तूकडे किंवा कृतीकडे ढकलायचं नाही, आणि चहा-केक असावा. केकच्या जागी भडंग चालेल. बाकीच्या अटी पाळणार असशील तरच ते नाव लाव, नाहीतर साधं ‘रविवारची बैठक’ लिही.

आता मुद्द्याचं. ‘आपल्याकडे मृत्यूबद्दल कुणी बोलतच नाही,’ असं तू पहिल्याच ओळीत लिहिलंयस. हे वाक्य खोड. आपल्या पेठांमध्ये माणूस गेल्याचा निरोप आला की अर्ध्या तासात तालमीची पोरं दारात उभी असतात. तिरडी कोण बांधणार, पाहुण्यांना फोन कोण करणार, म्हातारीला कोण धरून बसणार, हे कुणाला विचारावं लागत नाही. पंचगंगेच्या स्मशानभूमीत महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही. होळी आली की मंडळं आणि घरं त्याच स्मशानासाठी शेणी दान करतात. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन, आणि ते होईपर्यंत त्या घरात चूल पेटली नाही तरी शेजारची भाकरी पोचलेली असते. मोठमोठ्या शहरांना हे जमत नाही. तेव्हा आपल्या लोकांना मरण शिकवायला निघू नकोस, ते तुझ्यापेक्षा जास्त जाणतात.

अडतं ते मरणाच्या अलीकडे. शेवटचा श्वास गेला की सगळं गाव धावतं, पण त्याच्या आधीच्या तीन-चार महिन्यांत त्याच घरात कुणी काही बोलत नाही. तुझ्या बैठकीची जागा तिथं आहे.

मी वॉर्डात नोकरी केली तेव्हा हे रोज बघितलं. रिपोर्ट आला की मुलगा डॉक्टरांना बाहेर गाठतो आणि म्हणतो, ‘आबांना सांगू नका, धसका घेतील.’ आत येऊन आबांना सांगतो, ‘आतड्याला सूज आहे, पंधरा दिवसांत घरी.’ आबा मान हलवतात. मग रात्री दीडला, मुलगा व्हरांड्यात झोपला की, आबा हळूच विचारतात, ‘सिस्टर, कारखान्याला ऊस जाईपर्यंत निभेल का?’ मी काही बोलायच्या आत पुढचं वाक्य येतं, ‘मला कळलंय म्हणून पोराला सांगू नका, खचेल.’ दोघं एकमेकांना जपत असतात आणि जपता जपता शेवटचं बोलणं राहून जातं. विहिरीतला भावाचा हिस्सा किती, सोसायटीचं कर्ज कुठवर फिटलं, धाकटीला काय द्यायचं, आणि ज्या चुलत्याशी वीस वर्षं बोलणं नाही त्याला एकदा बोलवायचं की नाही. यातलं शेवटचं सगळ्यात जड असतं. जमिनीचं काय ते पुढे तलाठ्याच्या नाहीतर कोर्टाच्या दारात कळतंच. चुलत्याला मात्र निरोप थेट मयताचाच जातो.

बाहेरून बघणाऱ्याला हा खोटेपणा वाटतो. मला तो कधीच खोटेपणा वाटला नाही. ती माया आहे, पण आंधळी. तुझ्या बैठकीला येणाऱ्यांत असा मुलगाही असेल आणि असे आबाही असतील, फक्त वेगवेगळ्या घरांतले. परक्या आबांच्या तोंडून त्या मुलाला जे ऐकू येईल ते घरच्या आबांच्या तोंडून कधीच येणार नाही. म्हणून सगळ्या वयाची माणसं बोलव. नुसता ज्येष्ठ नागरिक संघ बोलावलास तर सगळे आबाच जमतील.

सुरुवात कशी करायची, विचारलंस. ‘तुम्हाला मरणाची भीती वाटते का’ असं चुकूनही विचारू नकोस. पुरुष ‘छे’ म्हणतील आणि विषय तिथंच संपेल. ‘तुम्ही पाहिलेलं पहिलं मरण कुणाचं?’ असं विचार. याला उत्तर नसलेला माणूस मला अजून भेटला नाही. कुणी आजी सांगेल, कुणी शाळेतला मित्र, कुणी बैल. बैलाला हसू देऊ नकोस कुणाला.

एक गोष्ट लगेच दिसेल. बाप्ये सांगतात ते स्मशानापासून पुढचं: किती गर्दी होती, पाऊस कसा होता, लाकडं कशी ओली होती. बायकांचं सगळं उशाशी घडलेलं असतं. पाणी कितीदा मागितलं, पाय कधी गार पडले, शेवटी कुणाचं नाव घेतलं. आपल्याकडे बहुतेक घरांत बायका स्मशानात जात नाहीत आणि पुरुष उशाशी फार वेळ थांबत नाहीत. बायकांनी मरण पाहिलेलं असतं, पुरुषांनी प्रेत. दोघं एका गोलात बसले की एकाच मरणाचे दोन अर्धे जोडले जातात. पण बाया पहिल्या तासात बोलणार नाहीत, हे धरून चाल. दोन तासांची बैठक ठेव आणि मध्ये चहा दे. खरं बोलणं चहानंतर निघतं.

गप्प बसायला शीक. कुणीतरी बोलता बोलता थांबेल, बाकीचे तुझ्याकडे बघतील, आणि तुला वाटेल की आता काहीतरी बोलून सावरावं. बोलू नकोस. रडणाऱ्याच्या पाठीवर लगेच हात ठेवू नकोस, पाण्याचा ग्लास पुढे सरकवू नकोस. त्याचा अर्थ ‘आता पुरे’ असा होतो. ‘सगळ्यांनाच जायचंय’, ‘देवाला आवडला’, ‘सुटला बिचारा’ ही वाक्यं ज्याला सुचतील त्याला पोटात ठेवायला सांग, अगदी सुरुवातीलाच.

आपल्या जिल्ह्यात माणसं एका पद्धतीनं जात नाहीत, हे ध्यानात ठेव. एकाच गल्लीत दहन करणारे, समाधी देणारे लिंगायत, दफन करणारे मुसलमान आणि ख्रिस्ती असतात. जैन घरातली एखादी बाई सांगेल की तिच्या आजीनं सल्लेखना घेतली, म्हणजे व्रत म्हणून अन्नपाणी सोडत मरण स्वीकारलं, आणि समोरचा एखादा पुरोगामी गृहस्थ लगेच विचारेल, ‘म्हणजे उपाशी मारलं?’ राजस्थान उच्च न्यायालयानं २०१५ साली त्या प्रथेवर बंदी आणली आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली, इतपत तुला माहीत असू दे. पण तो वाद बैठकीत होऊ देऊ नकोस. ‘आजीच्या शेवटच्या दिवसांत घरात काय चाललं होतं ते सांगा,’ एवढंच म्हण.

विधवांचा विषय तर निघणारच, आणि तो निघायला हवा. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षात, ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही तोच कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव उत्तमच. पण त्या दिवशी, प्रेत अंगणात असताना, चार म्हाताऱ्या पुढे सरसावतात तेव्हा ठरावाची प्रत कुणी दाखवत नाही. तिथं उपयोगी पडतं ते नवऱ्यानं जिवंतपणी, भावकीच्या देखत सांगून ठेवलेलं एक वाक्य. असं सांगून ठेवलेले पुरुष मी बघितलेत, थोडे, पण बघितलेत. बैठकीत एखादा उठून म्हणाला की मी घरी सांगणार आहे, तर त्याच्यासाठी टाळ्या वाजवू नका. टाळ्या घेऊन माणूस घरी सांगायचं विसरतो.

‘लिव्हिंग विल’बद्दल, म्हणजे शेवटी कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याबद्दल, कुणीतरी विचारेलच. अरुणा शानबाग आमच्याच पेशातली, म्हणून हा विषय मी जवळून वाचत आले. तिच्यावरचा हल्ला १९७३ चा आणि ती गेली २०१५ मध्ये. मधली सगळी वर्षं ती भान हरपून पडून होती आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्सेसनी तिला सांभाळलं. तिच्याच खटल्यात २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं पहिल्यांदा उपचार थांबवण्याची वाट थोडी उघडली. ९ मार्च २०१८ च्या निकालानं, आपण शुद्धीत असताना लिहून ठेवायचा हक्क दिला, की बरं होण्याची आशा उरली नाही आणि मला बोलता येत नसलं तर अमुक उपचार नकोत. तेव्हा त्याला न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, म्हणून फारसं कुणी त्या वाटेला गेलं नाही. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशानं ते सोपं झालं. आता दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. पुढे वेळ आली की रुग्णालयातली तीन डॉक्टरांची एक समिती आणि तिच्यावर तिघांची दुसरी, दोन्ही बघून ठरवतात. इंजेक्शन देऊन मारणं यात कुठंच बसत नाही, हे दोनदा सांग, कारण लोकांना तेच वाटतं.

पण हे सगळं त्या बैठकीत नको. त्यासाठी वेगळी तारीख दे आणि एखादा जाणता वकील बोलव. नेत्रदान आणि देहदानाचं तसंच. डोळे सहा तासांच्या आत घ्यावे लागतात, तोवर पंखा बंद, पापण्या मिटलेल्या आणि वर ओला कापूस, ही माहिती कागदावर छापून दाराशी ठेवली तरी पुरे. बैठकीत फॉर्म वाटलेस की माणसं भरायला बसतात आणि बोलणं बंद होतं. आणि हो, पहिल्या दोन-तीन बैठकांत एखादा विमा एजंट नक्की येईल. चांगला बोलेल, सगळ्यांना आवडेल आणि निघताना कार्ड वाटेल. त्याला चहा दे, कार्डं परत दे.

ज्यांच्या घरी नुकतंच कुणी गेलंय त्यांना अडवू नकोस, पण आधी घरी जाऊन भेट. ही बैठक म्हणजे उपचार नव्हे, ते ज्याला हवेत त्याला डॉक्टरकडे पाठवायला हवं. सगळ्यात जपायचं ते एका गोष्टीला. मरणाबद्दल बोलताना कुणी ‘आता जगण्यात काही राम नाही’ असं हसत म्हणून गेलं तर ते सोडून देऊ नकोस. बैठक संपल्यावर बाजूला घेऊन सरळ विचार, ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारल्यानं तसा विचार डोक्यात शिरत नाही, उलट बऱ्याचदा माणूस मोकळा होतो. ‘हो’ म्हणाला तर त्याला एकटं घरी पाठवायचं नाही. टेलिमानस या मानसिक मदतीच्या सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं, तिथंच बसून लावून दे. घरचं माणूस बोलावून घे.

जागेचं म्हणशील तर हॉल रद्द कर. एखाद्या वाचनालयाची मागची खोली किंवा कुणाच्या घराची माडी बघ. चप्पल काढून बसायची जागा असली की आवाज आपोआप खाली येतो. दवाखान्याजवळ नको आणि मंगल कार्यालयात तर मुळीच नको, शेजारी हळदीचा बँजो वाजत असेल. चार माणसं आली तरी बैठक घे. पुढच्या वेळची तारीख त्याच दिवशी सांग, आणि मध्ये फोटो, बातमी, व्हॉट्सअॅप ग्रुप काही काढू नकोस. ग्रुपवर दुसऱ्या दिवसापासून सुप्रभात सुरू होतं आणि चौथ्या दिवशी कुणी काय सांगितलं ते गावभर.

मला पहिल्या बैठकीला यायचं आहे, पण सभासद म्हणून. माझी ओळख करून देऊ नकोस, नाहीतर पुन्हा पाहुणे झाले. नोटीस छापायला देण्याआधी मला पाठव. मसुद्यात ‘मोफत’ फार मोठ्या अक्षरात आहे, तो बारीक कर. आपल्याकडे तो शब्द दिसला की माणसं आरोग्य शिबिर समजून बीपी तपासायला येतात.

तुझी,
आक्का