वाचकांचे प्रश्न : पाच मिनिटांसाठी एक पलटण

प्रश्न : सर नमस्कार. मुलगा मिनियापोलिसला नोकरीला आहे, मागच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं नवराबायको तिकडे जाऊन आलो. तिथे फर्स्ट मिनेसोटा म्हणून जुन्या लढाईतल्या एका पलटणीचं लई कौतुक. मी नातवाला म्हटलं हाई काय शे रे भो, तर तो म्हणाला आजोबा, ही सिव्हिल वॉरमधली व्हॉलंटियर रेजिमेंट, गावची पोरं स्वतःहून भरती झाली होती. मग यांना पगार कोण द्यायचं, साहेब कोण नेमायचं आणि यांनी एवढं काय केलं?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : दादा, पगार होता. सरकार द्यायचं, साध्या शिपायाला महिन्याला १३ डॉलर, पण तोही कित्येकदा महिनोन्‌महिने तुंबायचा आणि घरी बायको उधारीवर दिवस काढायची.

झालं असं की १८६१ साली अमेरिकेची खडी फौज होती जेमतेम १६ हजार, तीपण बरीचशी पश्चिमेकडे चौक्यांवर पांगलेली. गुलामगिरी टिकवायची म्हणून दक्षिणेतली राज्यं फुटून निघाली, एप्रिलमध्ये त्यांनी फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या, आणि लिंकनने १५ एप्रिलला राज्यांकडे ७५ हजार माणसं मागितली, फक्त तीन महिन्यांसाठी हं, कारण दोन्हीकडे सगळ्यांना वाटत होतं की दिवाळीच्या आत आटोपेल हे. चार वर्षं चाललं. मिनेसोटा तेव्हा राज्य होऊन तीनच वर्षं झालेली, पण तिथले गव्हर्नर रॅमसी नेमके वॉशिंग्टनमध्ये होते, ते लिंकनचं आवाहन निघायच्या आदल्या दिवशीच युद्धमंत्र्याकडे गेले आणि म्हणाले माझी हजार माणसं लिहून घ्या. तिकडचे लोक आजही पहिला नंबर आमचाच म्हणतात ते यावरून.

आता पलटण कशी उभी राहायची ते बघा. दहा कंपन्या, एकेका कंपनीत साधारण शंभर माणसं, आणि एक कंपनी म्हणजे बहुतेक एकाच गावची किंवा तालुक्याची पोरं. म्हणजे समजा पारोळा, एरंडोल, चोपडा, शिरपूर अशा दहा गावांनी शंभर शंभर पोरं दिली, चुलतभाऊ, मेहुणे, एका वर्गातले, दुकानदार आणि त्याचा नोकर, सगळे एका रांगेत. कॅप्टन आणि लेफ्टनंट बऱ्याच ठिकाणी पोरंच मतं टाकून निवडायची आणि गव्हर्नर सनद द्यायचा. त्यामुळे काल ज्याच्याकडून किराणा घेतला तो आज कॅप्टन, त्याचं ऐकायचं कशाला असा वांधा सुरुवातीला व्हायचाच. पण हीच पोरं गोळीबारात पळायची नाहीत, कारण शेजारच्या गल्लीतला बघतोय, आज पळालो तर उद्या गावात तोंड दाखवता येणार नाही. माझ्या मते त्या पलटणींचं सगळं बळ यात होतं. आणि घातही यातच होता, कारण अशी कंपनी एका दुपारी कापली गेली की एकाच गावात घरोघर रडारड.

भरती करताना डॉक्टर पुढचे दात बघायचा. बंदुकीची दारू आणि गोळी कागदात गुंडाळलेली असायची, तो कागद दातांनी फाडायचा, दारू नळीत ओतायची, वरून गोळी सारायची, गजाने ठासायची, मग बंदुकीच्या घोड्याखाली ठिणगी पाडणारी छोटी टोपी बसवायची की बार तयार. तरबेज शिपाई मिनिटाला तीन बार काढायचा, आणि लढाई संपली की सगळ्यांची तोंडं दारूने काळीठिक्कर. १८५७ला आपल्याकडे ज्या एनफिल्ड बंदुकीच्या काडतुसांवरून भडका उडाला ती तीच एनफिल्ड, चार वर्षांनी अमेरिकेत दोन्हीकडचे शिपाई तीच घेऊन उभे होते.

फर्स्ट मिनेसोटा जुलै १८६१ला बुल रनला लढली, सप्टेंबर १८६२ला अँटिटमला लढली, दर वेळी माणसं गेली. त्यात हगवण, टायफॉइड, गोवर. त्या युद्धात गोळीने मेले त्याच्या दुप्पट आजाराने मेले, खेड्यातल्या पोरांना लहानपणी गोवर झालेला नसायचा तो छावणीत झाला. आणि जुन्या पलटणीत नवी माणसं भरायच्या ऐवजी राज्यं नवीनच पलटणी काढायची, कारण नवी पलटण म्हणजे नवा कर्नल, नवे कॅप्टन, म्हणजे वाटायला नवी पदं. राजकारण कुठेही तेच हो. त्यामुळे हजाराची पलटण दोन वर्षांत तीनशेच्या खाली यायची.

अशीच उरलेली २६२ माणसं २ जुलै १८६३च्या संध्याकाळी गेटिसबर्गच्या टेकडीवर होती. त्यांचे कर्नल कोलव्हिल दोनतीन दिवस अटकेत होते, गुन्हा काय तर कूच करताना पोरांना ओढ्यातून न नेता ओंडक्यांवरून जाऊ दिलं, पाय कोरडे राहावेत म्हणून. लढाईसाठी सोडलं. समोर उत्तरेची एक फळी मोडली, अलाबामाची अख्खी ब्रिगेड चालून येत होती, आणि खिंडार बुजवायला कुमक यायला पाच मिनिटं हवी होती. उत्तरेचे जनरल हॅनकॉक घोड्यावरून आले, विचारलं ही पलटण कोणती, उत्तर आलं फर्स्ट मिनेसोटा, ते म्हणाले घुसा त्या ओळींवर. संगिनी लावून सगळे उतारावरून पळत सुटले. निशाण पाच वेळा पडलं आणि पाचही वेळा कोणीतरी उचललं. कोलव्हिल जबर जखमी झाले. २६२ पैकी २१५ मेले किंवा जखमी झाले हा आकडा तिकडे पोरासोरांना पाठ आहे, काही अभ्यासक तो थोडा कमी धरतात, पण पाच मिनिटं मिळाली आणि फळी टिकली यात वाद नाही. दुसऱ्या दिवशी उरलेले पुन्हा लढले, त्यात मार्शल शर्मन नावाच्या शिपायाने अठ्ठावीसाव्या व्हर्जिनियाचं निशाण हिसकावलं. ते अजून मिनेसोटातच आहे, व्हर्जिनिया मागत असते, हे देत नाहीत.

प्रश्न : सर, ज्यांच्यासाठी ही लढाई झाली म्हणतात त्या काळ्या लोकांना लढू दिलं का?
– एक वाचक ताई, धुळे

उत्तर : सुरुवातीला नाही. १ जानेवारी १८६३ला लिंकनने दक्षिणेतल्या गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला, त्यानंतर दार उघडलं. चौपन्नावी मॅसॅच्युसेट्स ही त्यातली सगळ्यात नावाजलेली पलटण, अधिकारी गोरे, शिपाई काळे, गुलामगिरीविरुद्ध लढणारे काळ्यांचे पुढारी फ्रेडरिक डग्लस यांचे दोन मुलगे त्यात होते. १८ जुलै १८६३ला चार्ल्सटनजवळ फोर्ट वॅग्नरवर यांना सगळ्यात पुढे सोडलं, एका बाजूला समुद्र, दुसरीकडे दलदल, मधे वाळूची चिंचोळी पट्टी. साधारण सहाशे जण चढाईला गेले, त्यातले पावणेतीनशेच्या आसपास मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले, पंचवीस वर्षांचे कर्नल शॉ तटावरच पडले. सार्जंट कार्नी अंगात गोळ्या घेऊन निशाण परत घेऊन आले, त्यांना मेडल ऑफ ऑनर हे तिकडचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं कधी, तर १९००ला!

पण ताई, मला यांची दुसरी लढाई जास्त मोठी वाटते. भरतीला १३ डॉलर सांगितले आणि हातावर ठेवले १०, त्यातून कपड्याचे ३ कापून ७. अख्ख्या पलटणीने पगारच घेतला नाही. मॅसॅच्युसेट्स राज्य म्हणालं वरचा फरक आम्ही भरतो, तर तेही नको, प्रश्न पैशाचा नाही बरोबरीचा आहे. जवळपास दीड वर्ष बिनपगारी लढले, घरी बायकापोरांचे हाल झाले. शेवटी जून १८६४मध्ये काँग्रेसने, म्हणजे तिकडच्या संसदेने, समान पगाराचा कायदा केला.

प्रश्न : आमच्या घरात म्हणतात पणजोबांच्या आजोबांनी अमेरिकेच्या लढाईत पैसा कमावला. ते तर कधी भुसावळच्या पुढे गेले नाहीत!
– एक वाचक, जळगाव

उत्तर : घरबसल्या कमावला असेल, कापसात. लिंकनने दक्षिणेची बंदरं रोखली, मँचेस्टरच्या गिरण्यांना बहुतेक कापूस तिथूनच यायचा तो आटला, मग साहेबाची नजर खानदेश, वऱ्हाड, गुजरातकडे वळली आणि भाव कित्येक पटींनी चढले. रेल्वेही त्याच वर्षांत इकडे येत होती. पण एप्रिल १८६५ला दक्षिणेच्या जनरल लीने शरणागती पत्करली आणि भाव कोसळले, मुंबईत समुद्र बुजवून जमीन काढायला निघालेल्या बॅक बे कंपनीच्या शेअरांचा फुगा फुटून मोठमोठे शेठ रस्त्यावर आले. चढत्या भावाच्या भरवशावर ज्यांनी कर्ज काढलं होतं ते सावकाराच्या वहीत अडकले. तेव्हा तुमच्या पूर्वजांनी नुसतं कमावलं नाही तर टिकवलंही असेल तर माणूस हुशार म्हणायचा, घरात जुन्या वह्या असतील तर १८६५च्या पुढची पानं आधी काढून बघा.

धरणगावहून भिल्ल पलटणीबद्दल विचारलंय. इंग्रज अधिकारी औट्रम यांनी १८२५ला ती तिथेच उभी केली, पण तिची गोष्ट वेगळी आणि लांब आहे, पुढच्या अंकात घेऊ.